पाटणचा मठ, आखाजीचा डाव आणि पैसेवारी : संभाव्यतेची मुळाक्षरं

आज समोर दहावी-बारावीची मुलं आहेत, त्यांचे शिक्षक आहेत, आणि काही शेतकरीही आलेले दिसतात. म्हणून विषय दोन्हीकडून चालेल असा घेतला आहे. दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात 'संभाव्यता' नावाचं प्रकरण आहे. नाणं, फासा, पत्ते, थैलीतले रंगीत चेंडू. मुलं ते सोडवतात, गुण मिळवतात आणि विसरतात. या प्रकरणाचा आपल्या खानदेशाशी काय संबंध, ते आज बघायचं आहे.

सुरुवात एका चिठ्ठीनं करतो. व्याख्यानाआधी प्रश्न मागवले होते. त्यात नाव न लिहिलेली एक चिठ्ठी आली. लिहिलंय : 'शून्य ते नऊ हे दहा आकडे. त्यातला एक रोज येतोच. मग तोच आकडा दहा दिवस लावला, तर दहा दिवसांत एकदा तरी लागलाच पाहिजे ना? घरी सगळे असंच म्हणतात.' अक्षर शाळकरी आहे. या चिठ्ठीचं उत्तर आपण आज देणार आहोत, पण ते देण्यासाठी आठशे वर्षं मागे जावं लागेल.

चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटरवर, गौताळ्याच्या जंगलाच्या तोंडाशी पाटणादेवी आहे. तुमच्यापैकी बरेच जण दर्शनाला गेले असाल. तिथल्या शिलालेखासमोर थांबणारे थोडे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे आपण इ.स. १२०७ धरतो. लिहिलंय असं, की चांगदेव नावाच्या पंडितानं इथे एक मठ काढला, आणि तो कशासाठी? आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. निकुंभ घराण्यातल्या सोईदेवानं त्याला दान दिलं. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याचे वडील लक्ष्मीधर, त्यांना सिंघणाच्या आधीच्या जैत्रपालानं याच गावातून आपल्या दरबारी नेलं होतं.

लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण शेवटी जिथे पैशांचा व्यवहार येतो, तिथे भाषा मराठी होते. मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. त्यात मठाला काय काय मिळायचं ते दिलंय : पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा हिस्सा, गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, आणि जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळी पळी तेल. म्हणजे बघा, तेल्याच्या पळीभर तेलावर आणि वाण्याच्या सुपारीवर इथे गणित शिकवलं जात होतं. गणित हे राजवाड्यातलं प्रकरण होतं असं कुणी म्हटलं, तर त्याला हा लेख दाखवावा.

आता त्या मठात काय शिकवत असतील? भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती'. त्यात शेवटाकडे 'अंकपाश' नावाचं एक छोटं प्रकरण येतं. पाश म्हणजे फास, गुंता. अंक एकमेकांत किती प्रकारे गुंफता येतात, त्याचा हिशोब.

पहिला प्रश्न सोपा. २ आणि ८ हे अंक. किती संख्या होतील? २८ आणि ८२, दोन. पुढे ३, ९, ८ घ्या. पहिल्या जागेवर तिघांपैकी कुणीही, दुसऱ्या जागेवर उरलेल्या दोघांपैकी एक, शेवटी उरलेला. ३ × २ × १, सहा. मग २ पासून ९ पर्यंतचे आठ अंक : ४०,३२०.

त्यानंतर भास्कराचार्य देवांकडे वळतात. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. हातांतली आयुधं बदलली तर मूर्ती किती? चोवीस. संध्या करताना केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं घेतात. मूर्तिशास्त्रात त्या चोवीस नावांच्या मूर्ती आयुधांच्या याच क्रमावरून ओळखतात. आणि शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं असतील तर? ३६,२८,८००. मिनिटाला एक मूर्ती बघायची म्हटली, झोप नाही, जेवण नाही, तरी २,५२० दिवस लागतील. जवळजवळ सात वर्षं.

तिसरी गोष्ट आपल्या आजच्या विषयाला सगळ्यात महत्त्वाची, ती नीट लक्षात ठेवा. अंक सारखे असतील तर काय? २, २, १, १ हे चार अंक. सगळे वेगळे असते तर २४ संख्या झाल्या असत्या. पण दोन २ एकमेकांच्या जागी गेले तरी संख्या तीच राहते, दोन १ चंही तेच. म्हणून २४ ला दोनदा २ नं भागायचं : सहा. ४, ८, ५, ५, ५ घेतले तर १२० ला ६ नं भागायचं : वीस. किती वेगळ्या मांडण्या एकाच दिसणाऱ्या गोष्टीत दडलेल्या आहेत, हे मोजण्याचा हा नियम आहे.

हे एकट्या भास्कराचार्यांचं होतं असंही नाही. छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या मांडण्या मोजत होते. आणि ज्या सिंघणाच्या दरबारात चांगदेव ज्योतिषी होता, त्याच दरबारात शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकर' लिहीत होता. त्यानं सात स्वरांच्या मांडण्या मोजल्या : ५,०४०. म्हणजे तेराव्या शतकात देवगिरी ते पाटण या पट्ट्यात मोजण्याची ही विद्या चांगली रुजलेली होती.

इथे कुणीतरी विचारेल, मग संभाव्यता आपणच शोधली म्हणायची का?

नाही म्हणता येत. प्रामाणिकपणे नाही. संभाव्यतेला दोन गोष्टी लागतात. एक, एकूण किती प्रकारे घडू शकतं. पुस्तकात त्याला नमुना अवकाश म्हणतात. दुसरी, त्यातले मला हवे तसे किती. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की संभाव्यता. पहिलं मोजण्याची हत्यारं पाटणच्या मठात होती. पण 'शंकराच्या या सव्वाछत्तीस लाख मूर्तींतली एक डोळे मिटून उचलली, तर उजव्या हातात त्रिशूळ असण्याचा भरवसा किती?' हा प्रश्न 'लीलावती'त विचारलेला नाही. तिथला प्रश्न 'किती' असा आहे. 'किती भरवसा' असा नाही.

बरं, फासे आपल्याकडे नव्हते असंही नाही. जुने फासे म्हणजे बेहड्याची फळं. हिरडा-बेहड्यातला बेहडा, सातपुड्यात आणि गौताळ्यात भरपूर. मूठभर फळं टाकायची आणि चारचारांनी मोजायची. बाकी काय उरते त्यावर डाव. कृत, त्रेता, द्वापर, कली ही नावं आधी त्या डावांची होती. महाभारतातल्या नलाच्या कथेत तर एक फार गमतीची जागा आहे. फाशांत राज्य हरलेला नल सारथी होऊन राजा ऋतुपर्णाचा रथ हाकतोय. वाटेत बेहड्याचं झाड दिसतं. ऋतुपर्ण नुसतं बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडून मोजतो. संख्या बरोबर! तेव्हा ऋतुपर्ण सांगतो, की मला फाशांचं मर्म आणि मोजण्याची विद्या, दोन्ही येतात. ती विद्या शिकून नल राज्य परत जिंकतो. ज्यानं ही कथा रचली, त्याला अंदाज आणि जुगार ही एकाच विद्येची दोन टोकं आहेत, हे जाणवलं होतं. पण ते कथेत राहिलं. त्याचं गणित लिहिलं गेलं नाही.

ते लिहिलं गेलं १६५४ मध्ये, फ्रान्समध्ये. पास्कल आणि फर्मा या दोघांच्या पत्रांत. प्रश्न मात्र आपल्या आखाजीला पारावर उभा राहील असाच होता. आखाजीला आपल्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि गडीमाणसं झाडाखाली पत्ते कुटतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणाराही त्या दिवशी बसतो. समजा, नाना आणि बापू बसलेत. दोघांनी ३२-३२ रुपये टाकले, भांड्यात ६४. जो आधी तीन डाव जिंकेल त्याचे सगळे. नाना दोन जिंकलेत, बापू एक. एवढ्यात वळवाचा पाऊस आला. डाव मोडला. पैसे कसे वाटायचे?

कुणी म्हणेल, ज्याचे त्याला परत द्या. नाना ऐकणार नाहीत. कुणी म्हणेल, दोनास एक वाटा. फर्मा म्हणाला, झालेले डाव बाजूला ठेवा, पुढं काय होऊ शकतं ते मोजा. जास्तीत जास्त दोन डाव खेळावे लागतील. त्यांचे चार प्रकार : नाना-नाना, नाना-बापू, बापू-नाना, बापू-बापू. पहिल्या तिन्हींत नाना जिंकतात, चौथ्यात बापू. म्हणून तीनास एक. नानांना ४८, बापूंना १६.

यावर पॅरिसमधल्या रोबेर्व्हाल नावाच्या गणितज्ञानं हरकत घेतली. तो म्हणाला, नाना पहिलाच डाव जिंकले तर दुसरा खेळतील कशाला? ते दोन प्रकार वेगळे कसे मोजता? हरकत पटण्यासारखी आहे. आपल्यापैकी निम्मे लोक तीच घेतील. उत्तर असं, की 'नाना लगेच जिंकले' हा एक प्रकार दिसत असला तरी त्याचं वजन दोन प्रकारांचं आहे. ते घडण्याची शक्यता निम्मी. उरलेल्या दोघांची पाव-पाव. प्रकार मोजताना सगळे सारख्या वजनाचे हवेत. यालाच पुस्तकात 'समसंभाव्य निष्पत्ती' म्हटलंय. मुलं तो शब्द पाठ करतात आणि पुढे जातात. खरं तर सगळं प्रकरण त्या एका शब्दावर उभं आहे.

इथे भलेभले घसरलेत. दालाँबेर हा अठराव्या शतकातला मोठा गणिती. त्यानं १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात लिहिलं, की नाणं दोनदा उडवून एकदा तरी छापा येण्याची शक्यता दोन तृतीयांश. कारण? पहिल्यांदाच छापा आला तर काम संपलं. नाही तर दुसऱ्यांदा छापा किंवा दोन्हीदा काटा. तीन प्रकार, दोन चांगले. उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर तीन चतुर्थांश. रोबेर्व्हालची हरकत शंभर वर्षांनी पुन्हा आली आणि चूक तीच राहिली.

आता अंकपाशातला तो २, २, १, १ चा नियम आठवा. एकाच दिसणाऱ्या गोष्टीत किती मांडण्या दडल्यात, हे तो सांगतो. दालाँबेरची चूक दुरुस्त करायला लागतं ते हेच. आणि हा नियम आज आपल्या गावागावांत लागू होतो, पण वाईट जागी. चला, चिठ्ठीकडे येऊ.

आकड्याचा जुगार कुठून आला माहीत आहे? कापसातून. खानदेश म्हणजे कापूस. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इकडचे भाव आभाळाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा बाजार कोसळला. तेव्हापासून कापसाचा भाव आणि सट्टा हातात हात घालून चालत आले. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. आजही 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणतात, ते शब्द तिथले. १९६१ मध्ये ते आकडे येणं बंद झालं. मग लोकांनी मडक्यात शून्य ते नऊच्या चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला सुरुवात केली. म्हणून 'मटका'. शेतातल्या बोंडापासून सुरू झालेली गोष्ट मडक्यात जाऊन पडली, आणि कापूस पिकवणाऱ्याच्याच खिशाला ते मडकं लागलं.

हिशोब करू. मडक्यातून तीनदा चिठ्ठी काढली, दर वेळी परत टाकली, असं धरा. १० × १० × १०, एक हजार मांडण्या, सगळ्या सारख्या वजनाच्या. पण खेळणारे ते तीन आकडे चढत्या क्रमानं लावून त्याला 'पाना' म्हणतात. असे पाने किती? तिन्ही आकडे वेगळे असलेले १२०, दोन सारखे असलेले ९०, तिन्ही सारखे १०. एकूण २२०. आता कुणी म्हणालं, की २२० पान्यांतला कुठलाही यायची शक्यता २२० त एक, तर तो दालाँबेरचा भाऊ झाला. भास्कराचार्यांचा नियम लावा. १, ४, ७ या पान्यात सहा मांडण्या दडल्यात. १, १, ७ मध्ये तीन. ७, ७, ७ मध्ये एकच. १२० × ६ म्हणजे ७२०, ९० × ३ म्हणजे २७०, आणि १०. बेरीज बरोबर एक हजार. म्हणजे ७-७-७ हजारात एकदा आणि १-४-७ हजारात सहादा. बाराव्या शतकातला नियम विसाव्या शतकातल्या मडक्यावर तंतोतंत बसतो.

साध्या आकड्याचं बघू. एका आकड्याला दहास नव्वद देतात, म्हणजे दहा रुपये लावले आणि लागला तर नव्वद. लागण्याची शक्यता दहात एक. शंभर जणांनी दहा-दहा लावले तर गोळा होतात हजार. सरासरी दहा जणांचा लागतो, त्यांना मिळून नऊशे. शंभर घेणाऱ्याकडे राहतात. जोडीचंही तेच : शंभरात एक शक्यता आणि नव्वद पट पैसे. यालाच गणितात अपेक्षित मूल्य म्हणतात. १०० रुपये लावले की त्याची अपेक्षित किंमत त्याच क्षणी ९० झाली, आकडा अजून निघायचा असतानाच. रोज १०० रुपये, वर्षाचे ३०० दिवस धरले तर लावले ३०,०००, सरासरी परत २७,०००. तीन हजार गेले. हे आकडा प्रामाणिकपणे काढला असेल तर. तो कोण काढतं आणि कसं काढतं, हे लावणाऱ्याला कधीच दिसत नाही.

कुणी म्हणेल, पण आमच्या आळीत एकाला लागले की! लागणारच. शंभरातल्या दहांना रोज लागतात, आणि ते दहा जण गावभर सांगतात. उरलेले नव्वद गप्प असतात. कानावर जे येतं त्याची मोजणी करून शक्यता काढली, तर ती फसवीच निघणार.

आता चिठ्ठीचा प्रश्न. दहा दिवस तोच आकडा लावला तर एकदा तरी लागेलच ना? उलटीकडून मोजू. एका दिवशी न लागण्याची शक्यता ९/१०. दोन दिवस न लागण्याची ९/१० गुणिले ९/१०, म्हणजे ८१/१००. असं दहा वेळा गुणलं, की येतं साधारण ०.३५. म्हणजे असे शंभर जण घेतले, तर पस्तीस जणांचा आकडा दहा दिवसांत एकदाही लागणार नाही. शंभरातले पस्तीस, थोडे नाहीत. आणि अकराव्या दिवशी त्या पस्तीस जणांना वाटतं, आता तर यायलाच हवा. ते दुप्पट लावतात. अकराव्या दिवशीही शक्यता दहात एकच असते. मागचे आकडे लिहून चार्ट ठेवणारे असतात, पण मडक्याला त्या चार्टातलं काही आठवत नाही. दर खेपेला ते नवं असतं. याला स्वतंत्र घटना म्हणतात. घरं बुडतात ती बहुतेक या एका गैरसमजापायी. ज्यानं चिठ्ठी लिहिली त्याला किंवा तिला सांगतो : हा गुणाकार घरी जाऊन वहीच्या कागदावर करून दाखव. ०.९ ला ०.९ नं नऊ खेपा. मोठ्यांशी वाद घालू नकोस, फक्त गुणाकार दाखव.

इथवर आपण मडकं, फासा, पत्ते बघितले. तिथे प्रकार मोजता येतात. पण पावसाचे प्रकार कसे मोजणार? पिकाचे? तिथे सारख्या वजनाचे प्रकार हाताशी नसतात. तिथे दुसरा रस्ता धरावा लागतो : खूप वेळा बघायचं, आणि किती वेळा काय घडलं त्याचं गुणोत्तर घ्यायचं. याकोब बेर्नुली या स्विस गणितज्ञाच्या १७१३ मध्ये छापलेल्या ग्रंथात हे सिद्ध केलंय, की जितकं जास्त बघाल तितकं हे गुणोत्तर खऱ्या शक्यतेच्या जवळ सरकतं.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, दुसऱ्या जळगावात म्हणजे जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घटमांडणी होते. शेतात धान्याचं वर्तुळ मांडतात, मधे घागर, ढेकळं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बघून पावसापाण्याचं भाकीत सांगतात. आपल्याकडचेही शेतकरी कान देऊन ऐकतात. श्रद्धेची टिंगल आम्हाला करायची नाही. पण भाकीत कुठलंही असो, घटाचं, पंचांगाचं किंवा टीव्हीवरचं, त्याला एकच कसोटी लावा. समजा, पाऊस कमी, साधारण, जास्त असे तीनच प्रकार आहेत, आणि तिन्ही सारखेच संभवतात. डोळे मिटून सांगितलं तरी तिनात एकदा बरोबर येईल. दहा वर्षांत पाच किंवा जास्त वेळा नुसत्या अंदाजपंचे बरोबर येण्याची शक्यता किती? हिशोब केला तर शंभरात एकवीस. म्हणजे पाच जण डोळे मिटून सांगत असतील तर त्यातला एक जण निम्मी किंवा त्याहून जास्त वर्षं खरा ठरल्यासारखा दिसेल. म्हणून 'त्या वर्षी खरं झालं होतं' हे पुरत नाही. वही ठेवा. खरं झालेलंही लिहा, खोटं ठरलेलंही लिहा. बियाणाचा खर्च आपला असतो.

आता शेवटचा मुद्दा, पैसेवारी. पूर्वी आणेवारी म्हणायचे. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक. पाटील-कुळकर्णी शिवारात नजर टाकून सांगायचे, यंदा आठ आणे, यंदा दहा आणे. सारा सूट द्यायचा की नाही ते त्यावर ठरे. पुढे पैसेवारी आली, आणि पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई असं वर्षानुवर्षं चाललं. पण नजर फसते. बघणारा रस्त्याकडेचं शेत बघतो, ओळखीच्याचं बघतो, विहिरीजवळचं हिरवं बघतो.

१९४० च्या दशकात यावर शास्त्रशुद्ध काम झालं, आणि त्यात दोन मराठी नावं पुढे होती : वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे. पानसे कापसावरचे संशोधक. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुधचे, पुढे ते जागतिक अन्न आणि शेती संघटनेत गेले. १९५४ चं त्यांचं शेतीतल्या संख्याशास्त्राचं पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. त्यांनी पीक कापणी प्रयोग बसवले. गाव चिठ्ठी टाकावी तसं निवडायचं, गावातलं शेत तसंच निवडायचं, आणि शेतात शिरल्यावर कुठल्या जागी दोरी धरायची तेही यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून ठरवायचं. एवढी पावलं लांबीकडे, एवढी रुंदीकडे, तिथे खुंटी. खुंटीपासून ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापायचं, झोडायचं, वजन करायचं. कापूस असेल तर प्रत्येक वेचणीचं वजन वेगळं घ्यायचं.

गंमत अशी, की मटक्याचं मडकं आणि ही चिठ्ठी, दोन्हींत एकच तत्त्व आहे : कुणाच्या मर्जीवर काही सोडायचं नाही. तिकडे ते माणसाला लुटायला वापरलं, इकडे न्याय द्यायला.

आज पीक विम्यात नुकसानभरपाई ठरवताना हे प्रयोग मोजले जातात. म्हणून शेतकऱ्यानं दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली : मंडळातल्या प्रयोगांची सरासरी ही तुमच्या शेताचं मोजमाप नसते, सगळ्या मंडळाचा अंदाज असतो. तुमचं शेत गेलं आणि मंडळाचं राहिलं, असं होऊ शकतं. दुसरी : अंदाजातली चूक किती प्रयोग केले यावर असते, आणि ती वर्गमुळाच्या हिशोबानं कमी होते. चार चौकोनांऐवजी सोळा घेतले की चूक निम्मी होते. पाव करायची तर चौसष्ट लागतात. चौकोन थोडे असले तर सरासरी इकडेतिकडे बरीच हलते, आणि तिच्यासोबत तुमचा दाम हलतो. म्हणून आपल्या मंडळात किती प्रयोग होणार, शेतं कशी निवडली, खुंटी तक्त्यावरून ठोकली की बांधाजवळ सोयीनं, हे ग्रामसभेत विचारता आलं पाहिजे. प्रयोगाच्या दिवशी शेतात हजर राहिलं पाहिजे. ते विचारायला दहावीचं प्रकरण पुरतं.

आणि जो विचारतो त्याच्याशी उडवाउडवी करणं अवघड जातं, हा आमचा अनुभव आहे.

शिक्षकांना एकच विनंती. हे प्रकरण परीक्षेच्या आधी दोन तासांत उरकू नका. वर्गात मडकं आणा, चिठ्ठ्या टाका. तीस मुलांना दहा-दहा वेळा काढू द्या, तीनशे नोंदी फळ्यावर लिहा. एखाद्या मुलाचा आकडा दहाही वेळा आला नाही की तो आपोआप विचारेल, सर, असं कसं? तिथून शिकवायला सुरुवात करा. पाटणच्या मठात पळीभर तेलावर गणित चालायचं. आपल्याला एक मडकं आणि दहा कागद लागतात.

पुढच्या वेळी भास्कराचार्यांचा चक्रवाल बघू. ज्यांनी चिठ्ठ्या दिल्यात आणि उत्तर राहिलंय, त्यांनी थांबा, चहा घेता घेता बोलू. नमस्कार.